विथ म्हणजे बरोबर

आमच्या मोठ्या जाऊबाई या घरात आल्यापासून त्यांनी कुणाचं काही ऐकल्याचं कुणाला आठवत नाही. सासूबाई होत्या तेव्हा त्यांचं ऐकलं नाही, डॉक्टरांचं ऐकत नाहीत, आणि टीव्हीवरचा हवामानवाला छत्री घेऊन बाहेर पडा म्हणाला की त्या मुद्दाम छत्री खुंटीला ठेवून जातात. अशा बाईला नियम पाळण्याविषयीचं एक इंग्रजी क्रियापद शिकवायची वेळ माझ्यावर आली. आमचं दोघींचं स्वयंपाकघर एक असलं तरी बाकी काहीच एक नाही, हे इथेच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझ्यावर पक्षपाताचा आरोप नको.

जाऊबाई डब्यांची झाकणं करणाऱ्या कारखान्यात प्रेसवर कामाला आहेत. पत्र्याचा तुकडा हाताने साच्याखाली सरकवायचा, पायाने पेडल दाबायचं, वरचा साचा धाडकन खाली येतो आणि झाकण तयार होतं. हात वेळेवर बाहेर आला तर दुसरा तुकडा घ्यायचा. तर या झाकणांवर परदेशातल्या एका मोठ्या कंपनीचा जीव जडला. फक्त तिची एक अट होती. तिची माणसं आधी येऊन कारखाना बघणार, कामगारांशी बोलणार, आणि भिंतीवर लिहिलेल्या सुरक्षेच्या सूचना त्यांना कळतात की नाही ते तपासणार.

सूचना इंग्रजीत होत्या आणि कामगारांना इंग्रजी येत नव्हतं. यावर एक उपाय असा होता की सूचना कामगारांच्या भाषेत लिहायच्या. तो फारच सोपा असल्यामुळे कुणाला सुचला नाही. म्हणून सगळ्या कामगारांना इंग्रजी शिकवायचं ठरलं, आणि मी शाळेत इंग्रजी शिकवते, माझी शाळा दुपारी सुटते हे कळल्यावर मला बोलावणं आलं.

बोलावणारे कारखान्याचे मॅनेजर. त्यांना सगळे कम्प्लायसाहेब म्हणत, अर्थात त्यांच्या पाठीमागे. ते कुठल्याशा हॉटेलात प्रशिक्षणाला गेले आणि येताना हा एक शब्द घेऊन आले. तेव्हापासून त्यांना दुसरं क्रियापद लागलं नाही. चहा कम्प्लाय झाला का, पंख्याचं अजून कम्प्लाय नाही, मी जरा जेवण कम्प्लाय करून येतो. पहिल्याच भेटीत मी त्यांच्या तीन वाक्यांतल्या चुका काढल्या आणि ते हसले, कारण त्यांना वाटलं मी कौतुक करते आहे.

माझा स्वभावच तसा आहे. चुकीवर बोट ठेवल्याशिवाय मला चैन पडत नाही. दुकानाच्या पाट्या, औषधांच्या बाटल्या, शेजाऱ्यांच्या दारावरची नावं, काहीही माझ्या तावडीतून सुटत नाही. नवऱ्याने लग्नाआधी पाठवलेलं पहिलं इंग्रजी पत्र मी लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवलं होतं. तरी त्याने माझ्याशी लग्न केलं, यावरून त्याचं इंग्रजीच नाही तर एकूणच सगळं कच्चं होतं हे माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

आता भाऊजी. भाऊजी म्हणजे माझे मोठे दीर, जाऊबाईंचे यजमान. जाऊबाई आज ज्या प्रेसवर बसतात त्या प्रेसवर आधी भाऊजी बसायचे. एका दुपारी त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं साच्याखाली राहिली. कंपनीने मोठ्या मनाने त्यांच्या जागी त्यांच्या बायकोला घेतलं, त्याच प्रेसवर, आणि आपण किती माणुसकीने वागतो हे बाहेरून आलेल्या प्रत्येकाला सांगितलं. तेव्हापासून भाऊजी घर सांभाळतात. भाजी ते चिरतात, कपडे ते वाळत घालतात, फक्त शर्टाची बटणं त्यांना लावता येत नाहीत. ती रोज सकाळी कामावर जाताना जाऊबाई लावतात, तोंडाने त्यांना काहीतरी बोल लावत लावत.

भाऊजींनी मात्र कधी कुणाला दोष दिला नाही. बोटांचा विषय निघाला की एवढंच म्हणायचे, "गार्ड नव्हता आणि मी मशीन चालवलं. माझीच चूक." इतक्या शांतपणे म्हणायचे की समोरच्याला पुढे बोलायला जागाच राहायची नाही.

वर्ग कॅन्टीनमध्ये भरायचा, पहिली पाळी सुटल्यावर. फळा म्हणून पत्र्याची मोठी शीट काळी रंगवून भिंतीला टेकवली होती. तिच्यावर खडू ओढला की दातांत कळ जायची. बाकांवर प्रेसवरच्या बायका आणि पॅकिंगची माणसं, आणि मागे दाराशी खुर्ची टाकून गेटवरचा पहारेकरी. त्याला वर्गाची सक्ती नव्हती, पण गेटवर पंखा नव्हता. त्याच्या शर्टाच्या खिशावर इंग्रजीत 'गार्ड' असं भरतकाम केलेलं होतं, आणि अख्ख्या कारखान्यात सगळ्यांना ओळखता येणारा इंग्रजी शब्द तेवढा एकच होता.

साहेबांनी मला आधीच बजावलं होतं की फार खोलात शिरू नका. पाहुणे विचारतील, तुम्ही कम्प्लाय करता का. सगळ्यांनी एका सुरात 'येस सर, वुई कम्प्लाय' म्हणायचं. एवढं आलं की इंग्रजी आलं. मी विचारलं, आणि अर्थ? ते म्हणाले, अर्थ मागाहून कम्प्लाय करू.

मी अर्थातच खोलात शिरले. कम्प्लाय म्हणजे पाळणे, असं म्हटल्याबरोबर पॅकिंगमधल्या एकाने विचारलं की मग त्याला खायला काय घालायचं. हशा ओसरल्यावर मी समजावलं की आपण कुत्रंही पाळतो, शब्दही पाळतो आणि नियमही पाळतो, सगळ्यांना एकाच क्रियापदात भागवतो. इंग्रजीत तसं नाही. माणसाचं ऐकायचं असेल तर ओबे. आईबापाचं ऐका, मास्तरांचं ऐका, ते सगळं ओबे. कम्प्लाय मात्र नियमाशी, अटीशी, मागणीशी जुळतं. नवऱ्याला ओबे करता येतं, नवऱ्याला कम्प्लाय करता येत नाही. यावर प्रेसवरची एक बाई म्हणाली की तिला दोन्ही जमत नाही, आणि वर्ग पुन्हा माझ्या हातून गेला.

मग मी मुद्द्यावर आले. हे क्रियापद मोठं भित्रं आहे, एकटं घराबाहेर पडत नाही, त्याला सोबत लागते. 'कम्प्लाय द रूल' ही चूक. 'कम्प्लाय विथ द रूल' हे शुद्ध. नुसतं कम्प्लाय कुणी म्हणालं तर त्याला लगेच विचारायचं, विथ काय? मी पत्र्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, कम्प्लाय म्हणजे पाळणे, विथ म्हणजे बरोबर, आणि 'बरोबर'च्या खाली दोन रेघा ओढल्या.

जाऊबाईंनी मान डोलावली. माझ्या बोलण्यावर त्यांनी मान डोलावण्याची ती पहिलीच वेळ. मला मनातून फार बरं वाटलं. खरं म्हणजे तिथेच मला संशय यायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी मी वर्ग प्रेसपाशीच नेला, तिथली पाटी वाचायला. पाटी प्रेस आली तेव्हापासूनची. अक्षरं लाल, वर तेलकट धूळ, आणि दोन्ही खिळ्यांना जेवणाच्या पिशव्या टांगलेल्या. पिशव्या काढून मी एकेक शब्द वाचायला लावला. 'गार्ड' आल्याबरोबर सगळ्यांनी पहारेकऱ्याकडे पाहिलं. मी अर्थ सांगितला की गार्डशिवाय प्रेस चालवू नका आणि सुरक्षेचे सगळे नियम पाळा. पहारेकऱ्याने छाती फुगवली. तो म्हणाला, मी इतकी वर्षं सांगतोय, पाटीवर माझं नाव आहे, पण इथे कुणी मला किंमत देत नाही.

मलाही हसू आवरेना. मी म्हटलं, पाटीवरचा गार्ड तुम्ही नव्हे. गार्ड म्हणजे जाळी. साच्यासमोर बसवायची, हात आत जाऊ नये म्हणून. सगळे खो खो हसले. पहारेकरी बिचारा ओशाळला आणि गेटकडे निघून गेला. जाऊबाई मात्र हसल्या नाहीत. त्या नुसत्या प्रेसकडे पाहत राहिल्या, जिच्यावर जाळी नव्हती.

जाळ्या होत्या. स्टोअरमध्ये गोण्यांच्या मागे पडल्या होत्या. जाळी बसवली की पत्रा सरकवायला जरासा जास्त वेळ लागतो, आणि तेवढा वेळ सुपरवायझरकडे नव्हता. सुपरवायझरचं नाव चलाचला, कारण बोलण्याची सुरुवात आणि शेवट तो 'चला चला'नेच करायचा. पाहुणे यायच्या दिवशी जाळ्या बसवायच्या आणि ते गेले की काढायच्या, असं त्याचं साधं सरळ नियोजन होतं.

त्या संध्याकाळी भाऊजी स्वयंपाकघरात खाली बसून डाव्या हाताने शेंगा सोलत होते. मी ओट्यापाशी होते. जाऊबाई आल्या, पिशवी ठेवली आणि चपलाही न काढता भाऊजींना म्हणाल्या, "प्रेसवरची ती पाटी कधीची हो?"

भाऊजी म्हणाले, मशीन आलं तेव्हाचीच. खिळे ठोकताना मीच तर धरली होती.

"त्यातला गार्ड म्हणजे जाळी," जाऊबाई म्हणाल्या.

"कोण म्हणतं?"

"ही म्हणते."

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. शेंग तशीच हातात राहिली. "वॉचमन नाही?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हटलं, आणि मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मला हातातलं पातेलं खाली ठेवावं लागलं. अपघातानंतर हाताला पट्टी असतानाच तेव्हाच्या मॅनेजरने त्यांना त्या पाटीपुढे उभं केलं होतं. गार्ड या शब्दावर बोट ठेवून विचारलं होतं, हे दिसतं ना? गार्ड नसताना मशीन चालवलंस की नाही? भाऊजींना आठवलं की त्या वेळी गेटवरची खुर्ची रिकामी होती. वॉचमन जेवायला गेला होता. वॉचमन जागेवर नसताना मशीन का चालवायचं नाही, हे काही त्यांना कळलं नाही, पण कारखान्याचे निम्मे नियम कळण्यासारखे नसतातच, त्यात हा एक. ते हो म्हणाले. प्रामाणिक माणूस. आणि तेव्हापासून आजपर्यंत हा माणूस समजत होता की वॉचमनचं जेवण होईपर्यंत आपण थांबलो असतो तर आपली बोटं राहिली असती.

आणि मी इतकी वर्षं त्यांच्या तोंडून 'गार्ड नव्हता' ऐकत होते आणि जाळी समजत होते. मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. ती पाटी हात वाचवायला लावलेलीच नव्हती. हात गेल्यावर ज्याचा गेला त्यालाच दाखवायला लावली होती, आणि ते काम तिने चोख केलं होतं.

 जाऊबाईंनी चपला काढल्या, हात धुतले आणि उरलेल्या शेंगा सोलायला बसल्या. 

दुसऱ्या दिवशी त्या प्रेससमोर जाऊन बसल्या आणि नुसत्या बसूनच राहिल्या. चलाचला आला, चला चला म्हणाला. त्या म्हणाल्या, आधी जाळी. तो म्हणाला, जाळी पाहुण्यांना, तुम्हाला नाही. त्या हलल्या नाहीत. मग त्याने साहेबांकडून उचललेला शब्द काढला आणि म्हणाला, मी सांगतो ते कम्प्लाय करा. जाऊबाईंनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "विथ?"

चलाचलाला प्रश्न कळला नाही. पण ती शिवी असावी असं त्याला वाटलं, आणि त्याने तशी तक्रार केली.

दुपारपर्यंत जाऊबाईंच्या हातात नोटीस पडली. इंग्रजीत, म्हणजे ती वाचायला मीच. सूचनेचं कम्प्लाय न केल्याबद्दल चौकशी होईल, तोवर कामावर येऊ नये. चौकशी परवा, आणि चौकशीत दुभाषी म्हणून मीच. कंपनी खर्चाच्या बाबतीत फार जागरूक होती.

साहेबांनी मला आधी एकटीला बोलावून घेतलं. म्हणाले, घरचंच माणूस आहे, तुम्हीच समजवा. एक कागद आहे. त्यावर लिहिलंय, मी कम्प्लाय केलं नाही, यापुढे कम्प्लाय करीन. सही केली की उद्यापासून प्रेसवर, जशा आधी बसत होत्या तशा. नाही केली तर घरी, कायमच्या. पाहुण्यांच्या तोंडावर मला कटकट नको. मग आवाज मऊ करून म्हणाले की तुमचा वर्ग मात्र छान चाललाय, तो आपण वर्षभर चालवू, ऑफिसातल्यांनाही शिकवा. मला तो वर्ग आवडत होता. मोठी माणसं चुकतात आणि हसतात, शाळेतल्या पोरांसारखी चुकून रडत नाहीत. हे मी कबूल करते, आणि साहेबांना ते नेमकं कळलं होतं याचा मला आजही राग आहे.

घरी मी जाऊबाईंशी भांडले. म्हटलं, करा सही, घर तुमच्या कामावर चाललंय, माझी शाळा किती देते ते तुम्हाला ठाऊक आहे. सही करून मग बघू जाळीचं. जाऊबाई भाऊजींचा शर्ट घडी करत होत्या. त्या म्हणाल्या, "सही करते. पण मग माझी बटणं तू लावणार का?"

मी त्यांच्या शेजारी बसले आणि दुसरा शर्ट घडी करायला घेतला. आमच्या घरात असं फार कमी वेळा होतं.

चौकशी साहेबांच्या केबिनमध्ये झाली. टेबलावर काच, काचेवर तीन पेनं, आणि एसीतून ठिबकणारं पाणी कोपऱ्यातल्या बादलीत टप टप पडत होतं. त्याचं अजून कम्प्लाय व्हायचं होतं. एका बाजूला साहेब आणि चलाचला, दुसऱ्या बाजूला जाऊबाई, आणि मधे माझी खुर्ची, ना इकडे ना तिकडे. साहेबांना आमची भाषा येत होती, माझ्याइतकीच. तरी चौकशी नियमाने व्हावी म्हणून ते इंग्रजीत विचारणार आणि मी जाऊबाईंना सांगणार, अशी व्यवस्था होती.

साहेबांनी विचारलं, तुम्ही कम्प्लाय का केलं नाही. मी भाषांतर केलं. त्यात फारसं करण्यासारखं काही नव्हतं.

जाऊबाई सरळ साहेबांकडे बघून म्हणाल्या, "मी कम्प्लायच केलं, साहेब. बाईंनी वर्गात शिकवलंय. नुसतं कम्प्लाय चालत नाही, विथ लागतं. विथ म्हणजे बरोबर. फळ्यावर लिहून खाली रेघा मारल्या होत्या. सांगितलेलं बरोबर असेल तरच कम्प्लाय करायचं. जाळी काढून मशीन चालवणं बरोबर नाही. म्हणून मी बसून राहिले."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी 'सोबत' या अर्थाने 'बरोबर' लिहिलं होतं आणि या बाईने 'योग्य' या अर्थाने वाचलं होतं. दोन रेघांमुळे तर तिची खात्रीच पटली होती. म्हणून तिने मान डोलावली होती. पहिल्यांदाच मी काहीतरी शहाणपणाचं बोलले असं तिला वाटलं होतं.

साहेबांच्याही लक्षात आलं. त्यांचा चेहरा एकदम खुलला. चौकशीत इतकं सोपं काही हाती लागेल असं त्यांना वाटलं नसावं. ते चलाचलाकडे बघून हसले आणि मग मला म्हणाले, "सांगा बाई त्यांना, विथचा खरा अर्थ काय ते. चुकलंय ना त्यांचं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. चूक समोर पडलेली होती, अगदी ढळढळीत, पहिलीतलं पोर दाखवील अशी. मी आयुष्यभर अशा चुकांवर बोट ठेवत आले. त्या क्षणी मला नेमका तो आधीचा मॅनेजर आठवला, पाटीवर बोट ठेवून उभा असलेला, आणि त्याच्यापुढे पट्टी बांधलेल्या हाताने हो म्हणणारे भाऊजी.

"विथ म्हणजे बरोबर," मी म्हणाले. "त्यांनी सांगितलं ते बरोबर आहे."

साहेबांचं हसू जागीच थांबलं. यात एक अक्षरही खोटं नव्हतं, त्यामुळे त्यांना पकडायला काही सापडेना. मग मी टेबलावरचा तो सहीचा कागद पुढे ओढला. मला गप्प बसायला कुणी सांगितलं नव्हतं आणि सांगितलं असतं तरी त्या दिवशी मी जाऊबाईंच्याच वळणावर गेले होते. मी म्हटलं की चूक असेल तर ती या कागदात आहे. मी कम्प्लाय केलं नाही, एवढंच लिहिलंय. कशाबरोबर केलं नाही? वाक्य अर्धवट आहे, यावर सही कशी करणार.

साहेब म्हणाले की कम्प्लाय एकटंही चालतं. मी म्हटलं, चालतं, काय पाळायचं ते आधी ठरलेलं असेल तेव्हा. इथे तेच तर ठरवायचंय. तुम्ही फक्त विथ लिहा आणि पुढची जागा भरा.

साहेबांनी पेन उघडलं. आधी 'रूल' लिहायला घेतलं आणि थांबले, कारण रूल पाटीवर होता आणि पाटी जाऊबाईंच्या बाजूची होती. मग म्हणाले, सुपरवायझरची सूचना. मी म्हटलं, लिहा की, पण कोणती सूचना तेही लिहा. जाळी काढून प्रेस चालवा, अशी. पाहुणे फायली बघतील तेव्हा त्यांनाही लगेच कळेल. साहेबांनी चलाचलाकडे पाहिलं. चलाचलाने तत्काळ हात वर केले आणि म्हणाला की अशी काही सूचना मी दिलीच नाही, मी फक्त चला चला म्हणालो.

पेन बराच वेळ कागदावर टेकलेलं राहिलं आणि कागदावर शाईचा ठिपका मोठा होत गेला. तेवढाच काय तो त्या जागेत भरला गेला.

शेवटी गैरसमज झाला होता असं ठरलं. तो कुणाचा ते ठरलं नाही. जाळ्या गोण्यांमागून बाहेर आल्या, धुतल्या गेल्या आणि पाहुण्यांसाठी म्हणून बसल्या. पाहुणे आले, त्यांनी एका बाईला विचारलं, कम्प्लाय करता का, आणि तिने विचारलं, विथ? पाहुण्यांना इंग्रजी फारच उत्तम वाटलं. ते गेल्यावर चलाचला पाना घेऊन जाळी काढायला आला तेव्हा आधी जाऊबाई 'विथ' म्हणाल्या, मग शेजारच्या प्रेसवरची म्हणाली, मग सगळ्याच म्हणाल्या. तो पाना घेऊन परत गेला. पुढच्या आठवड्यात साहेबांनी मला कळवलं की कामगारांना आता पुरेसं इंग्रजी आलं आहे, वर्गाची गरज उरलेली नाही. वर्षभराचं कम्प्लाय तिथेच संपलं.

चौकशी झाली त्या संध्याकाळची एक गोष्ट मात्र राहिली. आम्ही दोघी घरी आलो तेव्हा भाऊजी दारातच उभे होते, शर्टाची वरची दोन बटणं उघडी. कामावर घेतलं का, हे त्यांनी विचारलं नाही. केबिनमध्ये काय काय झालं ते जाऊबाईंनी सांगितलं, स्वतःच्या शहाणपणाला जराही धक्का न लावता. भाऊजी सगळं ऐकून घेतल्यावर माझ्याकडे वळले.

"म्हणजे तेव्हा," ते म्हणाले, "माझं चुकलं नव्हतं?"

इतकी वर्षं मी जगाच्या चुका दुरुस्त केल्या आणि घरातली सगळ्यात मोठी चूक माझ्यासमोर रोज जेवायला बसत होती. "नाही भाऊजी," मी म्हटलं. "तुमचं काही चुकलं नव्हतं."

 आपला उजवा हात भाऊजींनी समोर धरून पाहिला, उलटा, मग सुलटा, जसा कुणी परत मिळालेली वस्तू पाहतो तसा. जाऊबाई पुढे झाल्या आणि संध्याकाळची वेळ असूनही त्यांच्या शर्टाची वरची दोन बटणं लावायला लागल्या.

"तुम्ही नाही चुकलात," त्या बटणाकडे बघत म्हणाल्या. "विथ त्यांनी नाही केलं."

इंग्रजीत असं म्हणत नाहीत. विथ कुणी करत नाही.

"हो," मी म्हटलं. "त्यांनी नाही केलं."